जवळची वाट

माझ्या पुतण्याचं माझ्याविषयी एकच गाऱ्हाणं आहे : काका उंदीर फार वापरतात.

हे वाक्य त्याने पहिल्यांदा आमच्या ओसरीवर चारचौघांत उच्चारलं, तेव्हा शेजारचे विणेकरी बुवा माझ्याकडे बघतच राहिले. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, राहायला आळंदीत, आणि हा गृहस्थ उंदीर वापरतो! कशासाठी वापरतो हे विचारायचं धैर्य काही त्यांना झालं नाही. माउस म्हणजे काय, तो टेबलावर कसा फिरतो, त्याला शेपटी असली तरी जीव नसतो, हा खुलासा करण्यात माझा पाऊण तास गेला. बुवांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे गणपतीसारखं. वाहन आहे." या माणसाला संगणक माझ्याआधी कळला असता.

पुतण्या चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे. सुट्या भागाला त्याने आजवर हात लावलेला नाही. तो कारखान्याचे संगणक सांभाळतो. एक जुना संगणक त्याने कुठूनसा विकत घेतला, त्यात लिनक्स नावाची प्रणाली घातली आणि तो माझ्या माथी मारला. निमित्त आमच्या दिंडीच्या यादीचं. आषाढी वारीला माउलींच्या पालखीबरोबर ज्या शेकडो दिंड्या चालतात, त्यातली एक आमची. दीडशेच्या आत-बाहेर माणसं. त्यांची नावं, गावं, वयं, घरच्यांचे फोन, कोणाला साखर आहे, कोणाला तंबूत कडेचीच जागा लागते, हे लिहून ठेवण्याचं काम माझ्याकडे. निवृत्त कारकुनाला देवाच्या दारीसुद्धा रजिस्टरच मिळतं.

हा संगणक सुरू केला की पुतण्या पहिलं काम काय करतो, तर पडदा काळा करतो. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. वरच्या कोपऱ्यात एक चौकोन लुकलुकत असतो, बस्स. याला टर्मिनल म्हणतात, आणि त्याच्या आड बसून आपले हुकूम घेणाऱ्या अदृश्य कारकुनाला शेल म्हणतात. आपण कमांड टाइप करायची, एंटर दाबायचं, तो मुकाट्याने करतो. चुकलं तर तो सांगतो, बरोबर असलं तर एक अक्षर बोलत नाही. माझ्या पहिल्या साहेबांची आठवण झाली.

त्याहून जास्त आठवण झाली चांगदेवांची. आमच्या गावात ही गोष्ट शेंबड्या पोराला माहीत असते. चौदाशे वर्षांच्या या योग्याला ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं. पण वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार, हे ठरेना. शेवटी त्यांनी कोराच कागद धाडला. त्याला इकडून पासष्ट ओव्यांचं उत्तर गेलं. माझ्यापुढचा कोरा पडदाही असाच माझ्या उत्तराची वाट पाहत होता. फरक एवढाच, की मला पासष्ट ओव्या येत नव्हत्या. 'एल एस' एवढी दोन अक्षरं येत होती.

या दोन-दोन अक्षरी कमांडींमागेही एक इतिहास आहे, आणि तो मला फार जवळचा वाटतो. युनिक्स नावाची ही सगळ्यांची आजी १९६९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत जन्मली. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे तिचे पालनकर्ते. त्या वेळी पडदे दुर्मीळ होते. टेलिटाइप नावाची धबाड यंत्रं होती. एक कळ दाबायची तर बोटाला व्यायाम, आणि यंत्र छापणार सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं. म्हणून कॉपीचं झालं 'सी पी', मूव्हचं झालं 'एम व्ही' आणि पुसून टाकण्याचं झालं 'आर एम'. बोटं दुखू नयेत म्हणून केलेली काटकसर! मी स्वतः रेमिंग्टनवर टंकलेखन शिकलेला माणूस. मिनिटाला चाळीस शब्दांची सरकारी परीक्षा उत्तीर्ण झालो त्या दिवशी आईने शेजारी पेढे वाटले होते. त्यामुळे बोटांचं दुःख मला कळतं.

पण माझ्या चाळीस शब्दांना पुतण्याने एका वाक्यात निकालात काढलं. म्हणाला, "काका, वेग टाइप करण्यात नसतो. न करण्यात असतो."

मग त्याने मला एकेक किल्ली शिकवली. कंट्रोल आणि ए दाबलं की ओळीच्या सुरुवातीला जायचं, कंट्रोल ई ने शेवटाला. कंट्रोल डब्ल्यू ने मागचा एक शब्द खलास, कंट्रोल यू ने मागची सगळी ओळ खलास. दोन उद्गारचिन्हं लिहिली की मागची कमांड जशीच्या तशी पुन्हा. आणि त्या उद्गारचिन्हांच्या आधी 'सुडू' असा शब्द लिहिला, की तीच कमांड साहेबांच्या अधिकाराने! सकाळी फेटाळलेला अर्ज दुपारी मोठ्या साहेबांची कोंबडी मारून आणला की तोच कारकून उठून उभा राहतो, हे मी आयुष्यभर पाहिलेलं होतं. ते यंत्रातही चालतं हे पाहून मला जरा वाईटच वाटलं.

कंट्रोल एस चा अनुभव सांगण्यासारखा आहे. इतर सगळ्या ठिकाणी कंट्रोल एस म्हणजे लिहिलेलं जपून ठेवणं. मी भक्तिभावाने दाबलं. पडदा गोठला. काहीतरी मोठं काम चाललं असेल म्हणून मी अर्धा तास हात जोडून बसलो. शेवटी चाकणला फोन लावला. "काका, कंट्रोल क्यू दाबा," एवढं बोलून त्याने ठेवून दिला. टेलिटाइपच्या काळात समोरच्या यंत्राला 'जरा थांब बाबा' म्हणून सांगायचा तो संकेत. यंत्रं गेली, पण संकेत मागे उरला. घरातले आजोबा गेले तरी त्यांच्या खोलीत कोणी चपला घालून जात नाही, तसंच हे.

मला सगळ्यांत आवडली ती टॅब नावाची कळ. दोन-तीन अक्षरं लिहायची आणि टॅब दाबायची. पुढचं नाव शेल स्वतः पुरं करतो. पुतण्याला वाटलं, मी थक्क होईन. अरे, आळंदीच्या माणसाला याचं काय नवल! इथे कीर्तनकाराने अभंगाचे पहिले दोन शब्द उच्चारले की मागचे टाळकरी चरण पुरा करतात. १९१७ साली जोग महाराजांनी इथे वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथली पोरं वर्षानुवर्षं घोकून एवढं पाठ करतात की कुठूनही धागा ओढा, पुढचं वस्त्र उलगडत येतं. आमच्या दिंडीतले एक म्हातारे तर साक्षात कंट्रोल आर आहेत. कंट्रोल आर म्हणजे जुना शोध : आधी कधीतरी लिहिलेल्या कमांडीतला एखादा तुकडा आठवून लिहायचा, की शेल आपली वही उलटी चाळून ती सबंध कमांड समोर ठेवतो. या म्हाताऱ्यांना नुसतं 'लोणंद' म्हणा. लोणंदच्या मुक्कामी कोणत्या साली पाऊस किती झाला, कोणाचा जोडा हरवला आणि आमटीत मीठ कोणी दोनदा घातलं, सगळं निघतं.

आणि हो, ती वही. आपण दिलेल्या शेकडो कमांडी शेल लिहून ठेवतो, बऱ्या-वाईट सगळ्या. चित्रगुप्तच तो. मात्र पुष्कळ यंत्रांवर अशी सोय असते, की कमांडीच्या आधी एक मोकळी जागा सोडली तर ती वहीत चढत नाही. ही सोय चित्रगुप्ताकडे असती तर सरकारी कचेऱ्यांतून किती जणांची गती सुधारली असती!

असो. एका रविवारी मी पुतण्याला विचारलं, "या तुझ्या किल्ल्यांनी दिवसाचा किती वेळ वाचतो?"

"वीस मिनिटं तर कुठेच गेली नाहीत."

"मग ती ठेवतोस कुठे?"

तो हसला. मीही हसलो, कारण उत्तर आम्हा दोघांना ठाऊक होतं. सेकंदा-सेकंदाने जमवलेली ती वीस मिनिटं आणि वर पदरची चाळीस, तो रोज संध्याकाळी चाकणच्या चौकात ट्रकांच्या मागे उभा राहून खर्च करतो. तिथे कंट्रोल ए दाबून रांगेच्या सुरुवातीला जाता येत नाही.

पण प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. वाचलेला वेळ कोणाचा? मी टाइप करायला लागलो तेव्हा साहेबांची दहा पत्रं व्हायची. वेग वाढला तेव्हा साहेब वीस द्यायला लागले. वाचलेला वेळ मला कधी दिसलाच नाही. शिवाय आम्हा लोकांना याचा एक वेगळाच अनुभव आहे. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. चालत अठरा-एकोणीस दिवस लागतात, गाडीने पाच-सहा तास. २०२० साली करोनामुळे वारी चालली नाही. माउलींच्या पादुका दशमीला एस.टी.ने पंढरपूरला गेल्या. २०२१ सालीही एस.टी.च. वाट तीच, देव तोच, पोचणंही वेळेवर. आमचे मात्र प्रत्येकी अठरा दिवस वाचले. त्या अठरा दिवसांचं मी काय केलं, हे मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. सौभाग्यवतींच्या मते मी दोनदा माळा आवरला. बाकीचे दिवस मी खिडकीत बसून 'आज जेजुरी, आज वाल्हे, आज नीरास्नान' असं मोजत काढले. म्हणजे चाललोच म्हणायचं, फक्त पाय न हलवता. आणि त्याचा शीण खऱ्या चालण्याहून जास्त होता.

पुतण्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "काका, वारीत चालणं हेच काम आहे. माझ्या कामात टाइप करणं हे काम नाही, तो कामाकडे जायचा रस्ता आहे. रस्ता जितका आखूड तितका बरा." मला उत्तर सुचलं नाही. पोरगं बरोबर बोलत होतं. एकच अक्षर हजारदा बडवण्यात कसलंही पुण्य नाही, हे चाळीस वर्षं बडवलेल्या माणसाने नाही म्हणायचं तर कोणी?

तरी एक गोष्ट मी त्याला त्या दिवशी सांगितली नाही. इथे सांगतो. कचेरीत असताना एका सकाळी माझ्याकडे पाच-सहा कागद टंकनाला आले. मी झपाट्याने उरकले, एक खाडाखोड नाही. दुपारी नेहमीसारखा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याबरोबर डबा खायला बसलो. त्याचा चेहरा उतरलेला. मी म्हटलं, "का रे, बरं नाही का?" त्याने खिशातून कागद काढून पुढे केला. निलंबनाचा हुकूम. खाली डाव्या कोपऱ्यात टंकलेखकाची म्हणून माझीच आद्याक्षरं. त्याचं सबंध नाव माझ्या दहा बोटांखालून गेलं होतं आणि मला पत्ता नव्हता. चाळीस शब्दांच्या वेगाला वाचणं परवडत नाही. तो पुढे निर्दोष सुटला, आम्ही पुन्हा एकत्र डबे खाल्ले. पण त्याने मला कधी विचारलं नाही आणि मी त्याला कधी सांगितलं नाही, की मी ते वाचलंच नव्हतं. सांगितलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं की आणखी वाईट, हे मला अजून ठरवता येत नाही.

तेव्हा हात मनाच्या पुढे धावला की काय होतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं. पण ठाऊक असणं आणि वेळेवर आठवणं यांच्यामध्ये कोणतीही किल्ली नाही.

वैशाखातली दुपार. ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थान, तेव्हा यादी तयार करायला हवी होती. माझी पद्धत सोपी : मागच्या वर्षीच्या यादीची नक्कल करायची आणि वर साल बदलायचं. दोन दिवसांनी पुतण्या एका कमांडीने सगळ्यांच्या फोनवर निरोप धाडणार होता : 'माउली, आपली जागा राखून ठेवली आहे.' मी कंट्रोल आर दाबलं आणि 'यादी' लिहिलं. नक्कल करायची कमांड पूर्वी दिलेली होती, ती येईल म्हणून. शेलने यादी शब्द असलेली सगळ्यांत अलीकडची कमांड काढली. ती होती आदल्या दिवशीची, दुसऱ्या कप्प्यातला कचरा झाडण्यासाठी दिलेली : यादीने सुरू होणारं जे काही असेल ते पूस. कमांड तीच, पण आता मी उभा होतो खऱ्या यादीच्या कप्प्यात. मंगलाष्टकं पाठ आहेत म्हणून तेराव्याला म्हणावीत, तसं. डोळ्यांनी ओळ पाहिली असेल. बोटाने एंटर आधीच दाबलं होतं.

शेल काही बोलला नाही. म्हणजे काम बरोबर झालं होतं.

मी कंट्रोल झेड दाबलं. जगात सर्वत्र कंट्रोल झेड म्हणजे 'केलं ते मागे घे'. इथे त्याचा अर्थ निराळा : चालू काम जरा निजवून ठेव. निजवायला चालू काम कुठे उरलं होतं? ते तर संपून मोकळं झालं होतं. शेलमध्येही मागे घेण्याची एक किल्ली आहे, पण ती फक्त अजून न धाडलेल्या ओळीसाठी. एंटर दाबेपर्यंत हवं तितकं मागे घ्या; नंतर नाही. आणि 'आर एम'ने पुसलेलं कुठल्याही कचऱ्याच्या टोपलीत जात नाही.

पुतण्याला सांगायची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शंभर पानी वही घेतली, छत्री घेतली आणि निघालो. केळगाव, चऱ्होली, मरकळ, चिंबळी. जिथे एस.टी. मिळाली तिथे एस.टी., नाही तिथे पायी. "काय काका, फोन करायचा की!" असं प्रत्येक दारात म्हणायचे. फोन यादीतच होते, हे मी कोणाला सांगितलं नाही. पाच दिवस लागले. पाच दिवसांत मी सव्वीस कप चहा प्यायलो आणि दोन घरांत तो घशाखाली उतरला नाही. त्या दोन्ही घरांतली माणसं मार्गशीर्ष-पौषात गेली होती. मला कळलं नव्हतं. भिंतीवर फोटो, फोटोला हार. माझ्या यादीत ती यंदाही पंढरपूरला निघाली होती आणि त्यांच्या फोनवर दोन दिवसांनी निरोप येणार होता, की माउली, आपली जागा राखून ठेवली आहे.

मरकळला एक आजी आहेत. गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वी राजीनामा दिला. मी त्यांचं नाव कमी करायलाच गेलो होतो. तंबूतली जागा मोजकी असते. आजींनी गूळ-पाणी दिलं, पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "पाय ऱ्हायले घरी. नाव तरी चालू दे." आता हा यादीत बसणारा युक्तिवाद नाही. चालणाऱ्यांच्या यादीत न चालणाऱ्याचं नाव हा चाळीस वर्षांच्या कारकुनीत मी गुन्हा मानला असता. वहीत मी ते लिहिलं, पुढे तंबूच्या रकान्यात मुक्काम म्हणून 'मरकळ' घातलं.

रविवारी पुतण्या आला. मी वहीतून टाइप करत होतो, आणि मला उंदीर न वापरता टाइप करताना पाहून त्याला संशय आला. मी सगळं कबूल केलं. तो शांतपणे म्हणाला, "काका, तुमच्या मशीनची नक्कल रोज रात्री माझ्याकडे जमा होते." जुनी यादी परत आणायला त्याला चार सेकंद लागली. माझे पाच दिवस!

मला राग आला होता, हे लपवत नाही. तेवढ्यात त्याने 'डिफ' नावाची एक कमांड दिली. दोन याद्या शेजारी धरून ती नेमका फरक दाखवते. जुनीत १४६ नावं, माझीत १४१. सात नावं गळाली होती, दोन नवी आली होती. पडद्यावर ती सातच्या सात एकाखाली एक उभी राहिली. पुतण्याने हात कळफलकावरून काढून घेतले. "यांचं काय झालं?" त्याने विचारलं. मी एकेक सांगत गेलो. चार वारले, एक मुलाकडे नवी मुंबईला गेला, दोघांनी डॉक्टरांपुढे हात टेकले. त्याने मधे एकदाही टॅब दाबला नाही, म्हणजे माझं वाक्य पुरं केलं नाही. एरवी त्याला ती खोड आहे.

निरोप त्याने एका कमांडीनेच धाडले, १४१ जणांना. मीही नको म्हटलं नाही.

प्रस्थानाच्या दुसऱ्या दिवशी, पालखी पुण्याकडे निघते तेव्हा, त्याने रजा काढली आणि आमच्याबरोबर चालायला आला. नवे कोरे बूट, पाठीवर पाण्याची नळीवाली पिशवी. दिघीच्या पुढे त्याच्या चालीत फरक पडला. विश्रांतवाडीच्या अलीकडे तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, अजून किती?"

"टॅब दाब," मी म्हटलं.